गोटीरामची तहान

"कुणाचा विश्वास बसणार नाही, मॅडम," मोतीराम खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, "पण माझ्या सख्ख्या वहिनीनं माझ्या दादाला मारलं."

नाशकात खासगी तपासाचं काम करणारी रेहाना असल्या वाक्यांवर पापणी हलवत नसे. तिनं चहा पुढे सरकवला. तिचा जोडीदार, निवृत्त हवालदार शेखर, मात्र सरसावून बसला.

"चहा नको. महिना झाला सोडून. दादाला किडनी द्यायची, तर शरीर शुद्ध नको?"

लासलगावच्या कांदा बाजाराबाहेर त्याचे फ्लेक्स शेखरनं पाहिले होते: 'भावासाठी काळीज काढून देणारा दानशूर'. भावकीनं शाल-श्रीफळ आगाऊच देऊन टाकलं होतं. ऑपरेशन येत्या सोमवारी, आणि त्याचा दादा गोटीराम कालच देवळाली कॅम्पातल्या घरी तडफडत कोसळला, दवाखान्यात नेताच गेला.

"पहाटे मीच होतो दादापाशी. हाताला धरून लघवीला नेलं. ठणठणीत होता. मी निघालो आन् तासाभरात खेळ खलास. घरात वहिनी एकटी."

रेहाना मोतीरामच्या परीटघडीच्या बाहीवरचे तपकिरी शिंतोडे पाहत होती.

"चहा सांडलाय," म्हणत त्यानं बाही दुमडली.

दवाखान्यातले डॉक्टर घाईत होते. "आणलं तेव्हा रक्तात पोटॅशियम इतकं, की हृदयच थांबलं. किडनी रक्त गाळते, जास्तीचं पाणी आणि क्षार लघवीवाटे काढून टाकते. गोटीरामांच्या दोन्ही पार निकामी. आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं यंत्र ते काम करायचं. मधल्या दिवसांत पोटात जाईल ते अंगातच साठायचं. म्हणून फळं बंद, पाणीही मोजून."

देवळालीच्या घरी गोटीरामची बायको वत्सलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "दिवसाला दोन पेले, बाई. शेजारी नळ सोडला तरी हे रडायचे. मला वैरीण म्हणायचे. आता गावबी तेच म्हणतंय. उद्या पोलीस नेणार हायेत."

गोटीरामची गाडी चालवणारा लखन आधीच कबुलीला आला. "उन्हाळ्यात एकदा बर्फाचा गोळा चारला होता. वहिनी लय बोलल्या. पुन्हा नाय. काल पहाटे तर मोतीशेठनी मला फाटकातूनच माघारी धाडलं. मी बसतो म्हणले दादाजवळ. कधी नाय ते."

"नवऱ्याच्या शिव्यांना विटली असेल बाई," परतताना शेखर म्हणाला.

"विटलेली बाई पेला मोजत बसत नाही, शेखरराव."

दुसऱ्या दिवशी भावकी गोटीरामच्या ओसरीवर बसायला आली, मोतीराम मधोमध. रेहाना उभीच राहिली.

"गोटीरामांना शहाळी पाजली गेली. त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं. तहानेनं वेडा झालेला माणूस, समोर सख्खा भाऊ शहाळी फोडतोय. तो नको म्हणेल? सोमवारी किडनी बसली असती, तर वहिनींचा जाच संपला असता. जाच सुरू होणार होता तो किडनी काढून देणाऱ्याला. फ्लेक्स लागल्यावर माघार घेता येईना. आणि महिनाभर चहा सोडलेल्या माणसाच्या बाहीवर चहा कुठला? शहाळ्याचा डागच असा, परीटही हात टेकतो."

मोतीराम हसला. "डागावरनं फाशी देता का? मी निघालो तवा दादा ठणठणीत. आईची आण. माझ्या खांद्यावर हात टाकून लघवीला गेला, चांगला मोकळा होऊन आला, म्हणला, मोत्या, आता हलकं वाटतंय."

शेखरनं नकळत मान डोलावली. रेहानानं फक्त वत्सलाबाईंकडे पाहिलं.

त्यांनी तोंडावरचा पदर बाजूला केला. "भाऊजी, तीन वर्षांत ह्यांना लघवीचा एक थेंब झाला नाय. किडनी द्यायला निघाला होता, ती काय काम करती एवढं तरी इचारायचं."