दोनशे बारा उघडी दारं

डॉ. श्यामकांत चित्रे खुर्चीत बसण्याआधीच स्वतःचे आकडे सांगून मोकळे झाले. शोधनिबंध एकशे चाळीस. इतर संशोधकांनी त्यांचा संदर्भ दिला तो नऊ हजार वेळा. सार्वजनिक आरोग्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असा एकंदर सूर. नाव तेवढं सांगायचं राहिलं, ते हर्षदने विचारून घेतलं.

हर्षद हा खाजगी तपास करणाऱ्या सुलक्षणा गुप्त्यांचा मदतनीस. बँकेतून निवृत्त, मनाने भला, डोक्याने जरा सावकाश.

"चारकोपला गिरण्यांमधून आलेली कोकणी कुटुंबं आहेत. त्यांच्या रक्तदाबाची आम्ही घरोघर पाहणी केली," डॉक्टर म्हणाले. "सहाशे घरं. त्यावरच्या पेपरला चारशे अकरा संदर्भ मिळाले! आता नियतकालिकाला दोनशे बारा फॉर्म बनावट वाटतायत. बाहेरच्या माणसाकडून चौकशी करून घ्या म्हणतात. सरळ गोष्ट आहे. फॉर्मवर सही माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी रेवती परब हिची आहे."

"तारखा?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"अठरा ते तेवीस सप्टेंबर, दोन हजार तेवीस. मी तर तो आठवडाभर मुलुंडला घरी होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, विचारा कोणालाही."

अजून कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मरोळच्या संस्थेत गेले. कोऱ्या फॉर्मच्या कपाटाला तीन किल्ल्या होत्या: डॉक्टरांची, रेवतीची आणि आकडे संगणकात भरणाऱ्या सुबोध घाडीची. सहाशे फॉर्म चाळून हर्षदचे डोळे दुखले. रेवतीच्या जुन्या फॉर्मांवर 'घर बंद, पुन्हा गेले' असे शेरे जागोजागी होते. दोनशे बारांच्या गठ्ठ्यात तसा एकही नव्हता.

"म्हणजे नशीब चांगलं होतं," हर्षद म्हणाला. सुलक्षणाबाईंनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

रेवतीचे डोळे सुजले होते. "मी तीनशे अठ्ठ्याऐंशी भरले, मॅडम. बाकीचे दुसऱ्या मुलींनी भरले, असं सरच म्हणाले होते. त्यांवरची सही माझी नाही, त्या गठ्ठ्याला मला हातसुद्धा लावू देत नाहीत. मी चारकोपचीच. घरात शिरलं की म्हाताऱ्या विचारतात, 'गे बाय, तू खंयची?' त्यांना मी फसवीन? पुढच्या महिन्यात माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आहे. हा डाग लागला तर वाट लागली माझी."

सुबोधने नजर वर केलीच नाही. "माका काय विचारू नकात, मॅडम. मी आकडे भरतंय. तारखेचो रकानोच नाय संगणकात."

"हाच!" बाहेर येताच हर्षद म्हणाला. "चोराच्या मनात चांदणं!"

"चांदणं आहे खरं," असं म्हणून सुलक्षणाबाई एकट्याच चारकोपला गेल्या. तिथे त्यांनी गठ्ठ्यातली दहा घरं गाठली. काय विचारलं ते मात्र सांगितलं नाही.

शनिवारी चौघांना त्यांनी डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसवलं.

"सुबोध, एकोणीस सप्टेंबर दोन हजार तेवीस. कोणता दिवस?"

सुबोध पुटपुटला, "गणेशचतुर्थी."

"त्या दिवशी कुठे होतास?"

"गावाक."

"मी पण देवगडला होते!" रेवती ओरडलीच. "सगळं चारकोप गावी होतं!"

"सगळं नाही, पण मी गेले त्या दहा घरांपैकी नऊ घरांना त्या आठवड्यात कुलूप होतं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आणि फॉर्म म्हणतात, दोनशे बाराही दारं पहिल्याच फेरीत उघडी. किल्ल्या तिघांकडे. त्यातले दोघे कोकणातले. गणपतीत चाकरमान्याच्या घरी रक्तदाब मोजला, असं खोटं त्यांच्या हातून झोपेतही लिहून व्हायचं नाही. हे त्यालाच सुचेल, ज्याचा गणपती मुंबईत बसतो आणि ज्याचं घर त्या दिवसांत पाहुण्यांनी भरतं. डॉक्टर, ज्यांच्या रक्तदाबावर तुम्ही नाव कमावलंत, ती माणसं सणाला कुठे जातात, एवढंही तुमच्या मनात आलं नाही."

हर्षद सुबोधकडे वळला. "सुबोध, तुला माहीत होतं?"

"गठ्ठो बघूनच कळला. पण नोकरी होती ना, साहेब."

डॉक्टर चिडले नाहीत, उलट हसले. ते हसणं पाहून हर्षदला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"पाठवा अहवाल. रेवती, तुझ्या प्रबंधाचं तिसरं आणि चौथं प्रकरण कुठल्या आकड्यांवर उभं आहे गं? माझा पेपर बुडाला की तुझी पदवीही बुडाली. गप्प बसलीस तर नियतकालिकाला मी सांगेन, एका तात्पुरत्या मुलीची चूक झाली. तुझं नाव येणार नाही. महिन्याभरात तू डॉक्टर होशील."

रेवतीने सुलक्षणाबाईंकडे पाहिलं.

"पाठवा, मॅडम," ती म्हणाली.

डॉक्टरांचं हसू उतरलं. "वेडी आहेस! अगं, चारशे अकरा संदर्भ..."

"त्यांची काळजी नको," सुलक्षणाबाई उठत म्हणाल्या. "ते वाढतीलच. बनावट पेपर कसा असतो हे शिकवताना जो तो आता तुमचंच उदाहरण देईल."

जिन्यात हर्षदने रेवतीला गाठलं. शाबास पोरी, तू निर्दोष ठरलीस, असं काहीतरी तो बोलायला गेला.

"पाच वर्षं गेली, काका," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर मटकन बसून रडू लागली.