दूध आटल्यानंतर

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ताईनं, म्हणजे माझ्या मावसबहिणीनं, सांगितलं तसंच लिहितेय. आणि हे रात्री नाही, भर दुपारी घडलं.

ताई शिलाईच्या कारखान्यात होती. बाळंतपणाची रजा मागितली, तर मुकादमानं कायमचंच घरी बसवलं. नवरा ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. तिसऱ्या मजल्यावर पत्र्याची एकच खोली. बाळ दीड महिन्याचं.

ताईला झोप नव्हती. भूक नव्हती. उगाचच रडू यायचं.

सासूला फोन केला, तर म्हणाली, "आम्ही पाच पोरं काढली. तुझंच काय नवल!"

मग दूध आटलं.

ताई पावडरच्या दुधात पाणी वाढवून दिवस काढू लागली. एका सोमवारी बाळानं बाटलीला तोंडच लावलं नाही. मंगळवारीही नाही.

आणि ते रडतही नव्हतं...

बुधवारी ती घाबरून दवाखान्यात गेली. नर्सनं बाळाला काट्यावर ठेवलं. "अगं, वजन छान वाढलंय की! अंगावरचं दूध भरपूर दिसतंय."

ताईनं मान डोलावली. खरं सांगितलं तर वेडी ठरवतील, बाळ काढून घेतील.

घरी येऊन तिनं बाळाला निजवलं. लंगोट धुवायला खालच्या नळावर गेली. परत आली, तर दाराआडून आवाज...

चुटुक... चुटुक...

मग एक बाई हलकेच म्हणाली, "पी राजा. तिला नकोच आहेस तू."

ताईनं दार ढकललं.

कोणी नाही. खिडकीला गज. चटईवर बाळ... आणि त्याच्या ओठांवर कोमट दूध.

"सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, माहितेय?" ताई मला म्हणाली. "ती खोटं बोलत नव्हती. त्याच सकाळी माझ्या मनात आलं होतं... हे पोर नसतं तर."

ती बाळाला उचलून अनवाणीच दवाखान्यात धावली. नर्सला सगळं सांगून टाकलं. नर्स हसली नाही. दार लावून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस झोपली नाहीस?"

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

उपचार सुरू झाले. ताई माझ्याकडे आली, हळूहळू सावरली. बाळ बाटली घेऊ लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतरच्या या आजारात भास होतात. होत असतील. पण वजनकाट्याला कसला भास झाला होता?

ताईचं सामान आणायला गेलो, तेव्हा ती खोली भाड्यानं घ्यायला नवं जोडपं आलेलं. बायकोला सातवा महिना. ताईनं तिचा नंबर घेतला, आपला दिला. "नुसतं रडू आलं तरी फोन कर."

त्याला चार महिने झाले. आता तिचं बाळही दीड महिन्याचं असेल.

आठवडा झाला, ताई रोज फोन लावते. रिंग वाजत राहते... कोणी उचलत नाही.

उद्या जाऊन बघू या, म्हणतेय ती. मी अजून हो म्हटलेलं नाही.