सगुणा आत्याच्या हातातला दोर

खोटं वाटलं तर सोडून द्या. मी तिथे होते, एवढंच सांगते.

मार्च २००७. गुरुवार. सकाळचे दहा. रत्नागिरीतलं एक खाजगी इस्पितळ.

दाभोळची माझी सगुणा आत्या ऑपरेशनला आत गेली होती. मूत्रपिंड आणि लघवीची नळी जिथे जुळतात, नेमकं तिथेच तिला तुंबलं होतं. मूत्रपिंड फुगलेलं. उशीर केला तर ते कायमचं जाणार होतं. पोट न फाडता, बारीक भोकांतून दुर्बीण घालून जोड नव्याने शिवायचा होता.

चार तासांनी डॉक्टर बाहेर आले. घामेजलेले.

"योगिनी, जोडणी छान झाली. पण सुरुवातीला पोटात गॅस भरला आणि त्यांची नाडी एकदम मंदावली. दुर्बीण काढून गॅस सोडावा लागला. आता ठीक आहेत."

संध्याकाळी आत्या नीट शुद्धीवर आली. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

मी हळूच उघडली...

तळव्यावर लालभडक वळ. दोर सर्रकन सरकला की कातडी सोलते, तसा.

नर्स गोंधळली. "हात तर पट्ट्याने बांधलेला होता. रिकामा."

आत्या हसली. "योगे, ह्या वेळी नाय सोडला मी दोर."



पंधरा वर्षांपूर्वी तिच्या यजमानांची, धाकूकाकांची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली होती. आत्याने धक्क्यावरून दोर फेकला. काकांनी धरला.

तिच्या हातून सुटला.

काका सापडलेच नाहीत.

"पाण्यातून हाक आली," आत्या सांगत होती. "मी ओढत राहिले. वर आले ते." इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

सहा आठवड्यांनी आत ठेवलेली तात्पुरती नळी काढली. मूत्रपिंड वाचलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनची सीडी दिली.

आमच्या घरी, आत्याला शेजारी बसवून, माझ्या भावाने, ऋत्विकने, ती कॉम्प्युटरवर लावली. नुसतं चित्र. दुर्बिणीला माईक नसतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

नवव्या मिनिटाला पडदा काळा झाला. नाडी मंदावली ती वेळ.

आणि स्पीकरमधून...

पाणी. लाकडावर आपटणारं.

मग एक पुरुषाचा आवाज. दमलेला.

"ओढ... सगुणा, ओढ..."

ऋत्विकचा हात माऊसवर थिजला. मला रडूच फुटलं. "आत्या, काका! ऐकलंस?"

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"परत लाव."

तीनदा ऐकलं तिने.

"हा ह्यांचा आवाज नाय गो..."



"मग मी वर कुणाला आणला?"

आत्याची तब्येत आता ठणठणीत आहे. दाभोळला एकटीच राहते. पण रोज दोन ताटं वाढते. मी एकदा विचारलं, तर दाराकडे बघत हळूच म्हणाली, "कोण तो ठाऊक नाय. पण आणलाय मी, तर उपाशी कसा ठेवू?"

मी अजूनही तिला भेटायला जाते.

जेवायला मात्र थांबत नाही.