लॅमाँट गेदर्सचा रेंगाळ

टोलेडो शहरात रस्ता ओलांडणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा अमेरिकेतल्या इतर शहरांपेक्षा जरा जास्त वेळ लागलेला असतो. नगरपालिकेनं हे मुद्दाम केलं आहे. गर्दीत अधूनमधून अशी माणसं दिसतात, की ज्यांचं डावं पाऊल ठीक पडतं आणि उजवं किंचित उशिरा. त्यांच्या कानात मुगाच्या दाण्याएवढं यंत्र असतं आणि त्या यंत्रात लॅमाँट गेदर्सचा ठेका वाजत असतो. ठेका बंद पडला तर ही माणसं भर रस्त्यात, एक टाच उचललेल्या अवस्थेत उभी राहतील. मागून कुणी भोंगा वाजवला तरी त्यांना पाय हलवता येणार नाही.

या रोगाला मराठी डॉक्टर थिजवा म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव इतकं लांबलचक आहे, की ते डॉक्टरांच्याही तोंडी बसलं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी जगभर एका तापाची साथ आली आणि गेली. जाताना तिनं हजारो माणसांच्या मेंदूतलं एक लहानसं केंद्र निकामी केलं. हात चालतात, तोंड चालतं, माणसाला उठायचं असतं, पायात बळ असतं, वाटही दिसत असते, पण 'आता ऊठ' ही आज्ञा काही केल्या निघत नाही. मग माणूस बसलेला असेल तर बसून राहतो. घरातले सुरुवातीला धीर देतात, नंतर खुर्ची भिंतीकडून खिडकीकडे वळवून ठेवतात.

या सगळ्याशी एका रॅपरचा संबंध यावा हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, लॅमाँटच्या तर मुळीच नाही. त्याची आई ओडेसा टोलेडोच्या काचकारखान्यात काम करायची. मुलगा चर्चमध्ये ड्रम वाजवायला बसला आणि महिन्याभरात पाद्रीबुवांनी त्याला उठवलं, कारण त्याचा ठोका उशिरा पडायचा आणि भजन म्हणणाऱ्या बायका अडखळायच्या. शाळेत उशिरा येणाऱ्या पोरांच्या नावापुढे तिथले शिक्षक 'टार्डी' असं लिहितात. लॅमाँटनं तेच नाव घेतलं आणि तळघरात बसून स्वतःची गाणी बनवायला सुरुवात केली. लिहायचा तो, म्हणायचा तो आणि खालचा ठेकाही बोटांनी रबरी पाटीवर बडवून वाजवायचा तोच.

गाणी बनवण्याच्या प्रत्येक यंत्रात एक बटण असतं. ते दाबलं, की मागेपुढे झालेले ठोके क्षणात सरळ रांगेत येतात. सगळे दाबतात. लॅमाँटनं ते कधी दाबलं नाही, कारण दाबलं की ते गाणं त्याला स्वतःचं वाटेना. पहिला संग्रह सपशेल पडला. दारू प्यायलेल्या माणसानं जिना उतरावा तसं वाटतं, असं एका समीक्षकानं लिहिलं. तिसऱ्या संग्रहाच्या वेळी मात्र देशभरातली पोरं तोच जिना उतरायला लागली. मग बक्षिसं आली, इतर गायकांची गाणी बनवून द्यायची कामं आली, लग्न झालं आणि मोडलं, आणि पोहता येत नसताना पोहण्याच्या तलावासकट घर झालं.

याच सुमारास टोलेडोच्या एका रुग्णालयात थिजव्याच्या वॉर्डात एका परिचारिकेनं कंटाळा घालवायला टार्डीचं गाणं लावलं. दोन वर्षं जागेवरून न उठलेला एक म्हातारा बसड्रायव्हर उठला आणि खिडकीपर्यंत चालत गेला. दुसऱ्या दिवशी डॉ. मंजिरी गावंडे लॅमाँटच्या दारात उभी होती.

मंजिरी विदर्भातल्या परतवाड्याची. मेंदू वेळ कसा मोजतो हा तिचा अभ्यासाचा विषय. पहिल्याच भेटीत लॅमाँटनं तिला सरळ विचारलं, की माझ्या चुकीच्या वाजवण्यात असं आहे तरी काय?

"मेंदूला अंदाज बांधायची खोड असते," ती म्हणाली. "दोन ठोके ऐकले की तिसरा कधी पडणार हे तो आधीच ठरवून टाकतो. अंदाज तंतोतंत खरा ठरत गेला, की तो झोपी जातो. सारखाच चुकत गेला, तर तो नाद सोडून देतो. तुमचा ठोका हमखास येतो, पण जरा उशिरा, आणि दर वेळचा उशीर वेगळा. त्यामुळे मेंदू कान टवकारून वाट पाहत राहतो. त्या वाट पाहण्यातूनच ती अडलेली आज्ञा निघते."

"म्हणजे मी लोकांना ताटकळत ठेवतो आणि ते बरे होतात."

"बरे होत नाहीत. चालतात."

या उशिराला मंजिरीनं आपल्या टिपणांत 'रेंगाळ' असं मराठी नाव दिलं आणि पुढे तेच नाव जगभरच्या शोधनिबंधांत गेलं. अमेरिकन लोक त्याचा उच्चार वाटेल तसा करतात. रेंगाळाच्या दोन गोष्टी लवकरच कळल्या आणि दोन्ही लॅमाँटच्या मुळावर आल्या. एक म्हणजे मेंदू कुठलाही ठेका आठवडाभरात पाठ करतो, आणि पाठ झालेल्या ठेक्यावर पाय उचलत नाही. तेव्हा दर आठवड्याला नवा ठेका हवा. दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रांना रेंगाळाची नक्कल जमत नाही. यंत्र उशीर हिशेबानं करतं, आणि रोग्यांचा मेंदू तो हिशेब दोन दिवसांत ओळखतो. तेव्हा ठेका लॅमाँटच्याच बोटांतून यायला हवा.

लॅमाँटनं होकार दिला. आनंदानं दिला, हे सांगायला हवं. काही वर्षं त्याला रस्त्यात अनोळखी बायका मिठ्या मारत होत्या. पण दर आठवड्याचा ठेका त्याचं सगळं संगीत खाऊन बसला. त्याला ढोलताशाचा लवलेश नसलेली, नुसत्या गळ्याची गाणी करायची होती. आई काम करताना गुणगुणायची तशी. त्यासाठी बसलं, की बोटं आपोआप टेबलावर पडायची. हळूहळू त्याला स्वतःचा ठेका ऐकवेना. तरी नव्या ठेक्याचे सोमवार येत राहिले.

मंजिरीनं त्याचा मेंदू दरवर्षी तपासला. रेंगाळ कुठून येतो तेही तिला सापडलं. डोक्याच्या मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो त्यात जन्मापासून रक्तवाहिन्यांचा एक गुंता होता, बोराच्या बीएवढा. संदेश त्याला वळसा घालून जात आणि म्हणून उशिरा पोचत. यंदाच्या तपासणीत तो गुंता पाझरताना दिसला.

तिनं ते त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं. शस्त्रक्रिया सोपी होती. गुंता काढला, की तो ऐंशी वर्षं जगू शकत होता. न काढला, तर तो कधीतरी फुटणार होता. उद्या, नाहीतर दोन वर्षांनी.

"आणि काढला तर?" लॅमाँटनं विचारलं.

"तर तुझा ठोका वेळेवर पडेल."

इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर दोघं अरेतुरेवर आले होते. म्हणजे मराठीत बोलत असते तर आले असते. पाद्रीबुवा खूश होतील, एवढंच तो म्हणाला.

बातमी फुटली. रुग्णसंघाची सभा भरली, आणि अध्यक्षीणबाई कानात लॅमाँटचाच ठेका घेऊन मंचावर चढल्या. आम्हाला बसून राहायची सवय आहे, तुम्ही स्वतःचा जीव वाचवा, असं त्या म्हणाल्या आणि सभागृहातले सगळे हात वर गेले. कॅमेऱ्यांसमोर लॅमाँट रडला. त्यानं शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला, मग पुढे ढकलला, परत ठरवला आणि परत ढकलला. डोकेदुखी आता रोजची झाली होती.

एका संध्याकाळी मंजिरी त्याच्या स्टुडिओत गेली आणि तू जगायचं नाही असं ठरवलंयस का, म्हणून त्याच्यावर चिडली. तो शांतपणे रबरी पाटीची धूळ पुसत होता.

"तुरुंगातल्या माणसाला निदान पहारेकऱ्याचा राग करता येतो," तो म्हणाला. "माझ्या दाराला कुलूपच नाही. सगळे हात जोडून सांगतात, जा. एकानं, फक्त एकानं तोंडावर सांगितलं असतं, की जाऊ नकोस, माझ्यासाठी मर, तर मला संताप आला असता. मी त्याच दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपलो असतो. इतक्या चांगल्या माणसांना खुर्चीत बसवून मला जाता येत नाही, डॉक."

मग त्यानं अचानक विचारलं, की या रोग्यांत तुझं कुणी आहे का? हा प्रश्न त्यानं इतक्या वर्षांत केला नव्हता आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नव्हतं. माझे वडील, ती म्हणाली. परतवाड्यात असतात. शाळेत ड्रिलमास्तर होते.

"स्वभावानं कसे आहेत?"

"फटकळ. कुणाची भीडभाड नाही."

लॅमाँटचा चेहरा उजळला. कॅमेऱ्यासमोर माणसं चांगली वागतात. पण जगाच्या दुसऱ्या टोकाच्या फटकळ म्हाताऱ्याला शिष्टाचार पाळायचं काय कारण? लाव फोन, तो म्हणाला. भाषांतरयंत्रांना वऱ्हाडी बोलीचा अजून गंध नव्हता, त्यामुळे दुभाष्याचं काम मंजिरीवरच आलं.

परतवाड्यात सकाळ होती. तिचे वडील, आबा, शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारत होते, गळ्यात अजूनही शिट्टी. मैदानावरच्या एका पोरानं त्यांचा फोन समोर धरला होता. ठेका मिळण्याआधीचं वर्ष त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढलं होतं, कारण खुर्ची खिडकीकडे वळवलेली त्यांना खपायची नाही, मैदान दिसायचं. मंजिरीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं: हा तोच ठेकेवाला, त्याच्या डोक्यात काय आहे, आणि त्याला तुमच्याकडून काय ऐकायचं आहे.

"थांब बाई," आबा म्हणाले. "ठेक्यावर चालता चालता असं बोलनं बरं नाही."

त्यांनी कानातलं यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. उजवी टाच उचललेली होती, ती तशीच राहिली. टोलेडोत लॅमाँट पडद्याजवळ सरकला.

"त्याले सांग, मी जिंदगीभर पोट्ट्याइले लेझीम शिकवली. पायाले ठेका लागतेच, ते मले समजते. पन ठेक्यासाठी कोनाचा जीव घ्या, असं मी कोन्या पोट्ट्याले शिकवलं नाही. ऑपरेशन करून घे म्हना. माह्यं चालून झालं."

"काय म्हणाले?" लॅमाँटनं विचारलं.

मंजिरीला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. 'ते म्हणतात, जाऊ नकोस' एवढं एक खोटं वाक्य पुरे होतं. लॅमाँट संतापला असता, सुटला असता, जगला असता. आणि आबा उरलेलं आयुष्य भिंतीकडे पाहत बसले असते. खरं सांगितलं, तर तो या खोलीतून कधीच उठणार नव्हता. पडद्यावर वडिलांची टाच हवेत होती. आबांनी चालावं असं तिला फार फार वाटलं.

तिनं खरं सांगितलं. लेझीम म्हणजे काय ते सांगितलं, एकही शब्द गाळला नाही, 'माझं चालून झालं' हेसुद्धा नाही. तिचा आवाज रोग्याला अहवाल वाचून दाखवताना असतो तसा स्थिर होता.

लॅमाँटनं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. तू तर फटकळ म्हणाली होतीस, तो पुटपुटला. मग खुर्ची वळवून पाटीसमोर बसला आणि येत्या सोमवारचा ठेका वाजवायला लागला.

"काय म्हनलं त्यानं?" आबा मैदानातून विचारत होते. "करते ना ऑपरेशन?"

"हो आबा," मंजिरी म्हणाली. "करतो म्हणाला. आता कानातलं घाला बरं."

पुढच्या सोमवारी ठेका आला तेव्हा आबांनी फोन करून विचारलं, की हा शेवटचाच ना? त्यानं आधीच काही बनवून ठेवलेत, असं मंजिरीनं सांगितलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही त्यांनी विचारलं आणि तिनं तेच सांगितलं. लॅमाँटचा उजवा हात आता जड पडू लागला आहे. त्यामुळे ठेक्यातला उशीर वाढत चालला आहे, आणि परतवाड्याच्या मैदानावर आबांचं पाऊलही तितकंच उशिरा पडतं. मेंदू वेळ कसा मोजतो हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याही ध्यानात येईल, की हे आधी बनवून ठेवलेले ठेके नाहीत. लेझीम शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या तर येणारच.

पण गेले काही सोमवार आबांनी तो प्रश्न विचारलेला नाही. फोन येतो, हवापाण्याचं बोलणं होतं. मग मला उशीर होतो बाई, म्हणतात आणि फिरायला जातात.