जिनिंग थांबली नाही पाहिजे

धम्मरत्न, दार लोटून घे अन् बस. तुमच्या बँकेत आज आगीची प्रॅक्टिस झाली म्हणता, अन् तुम्ही सगळे दात काढत बाहेर आले. हसा बाप्पा. किसनसिंग माह्या ओळखीचा नसता, तर मीही हसलो असतो.

किसनसिंग म्हणजे राळेगाव रोडवरच्या एका जिनिंगचा, कापसातून सरकी काढाच्या कारखान्याचा, चौकीदार. माह्या जिवाचा दोस्त. खोटं बोलाची त्याले अक्कलच नव्हती. दोन हजार सहा सालची पौष अमावस्या, रविवार होता. लोडशेडिंगमुळे सगळीकडे अंधार, अन् तो जनरेटरसाठी डिझेल आणाले सायकलनं गेलता.

त्या साली कापसाले भाव नव्हता, पण जिनिंग जोरात चालू होती. मॅनेजर होता स्वानंद साहेब. यवतमाळचा, भल्ला शिकलेला. लाइट गेली तर काय करायचं, संप झाला तर काय, आग लागली तर काय, सगळं त्यानं ठरवून ठेवलं होतं. दोन शेडच्या मधात लोखंडी शटर बसवलं. एका शेडात आग लागली की शटर पाडायचं, दुसऱ्या शेडात काम चालू ठेवायचं. चांगलीच गोष्ट आहे, मी नाव नाई ठेवत. पण प्रॅक्टिस घेतली कधी? जेवणाच्या सुट्टीत. काहून, तर मशीन बंद पडू नये. कामावरच्या बाया मैदानात भाकरी खात बसल्या होत्या, साहेबानं तिथंच मोजल्या अन् म्हणे, झाली प्रॅक्टिस. शटर कोणी एकदाही पाडून पाह्यलं नाई. त्याचं हँडल फक्त एकाच बाजूनं आहे, हे बायाले कुठून माहीत असणार?

त्या अमावस्येच्या महिनाभर आधी, मार्गशीर्षात, खरंच आग लागली. बाया मोठ्या दारानं पळाल्या. त्यातली विमलताई मात्र धुरात नेहमीच्या रस्त्यानं पळाली, मधातून. तिच्या तोंडासमोर शटर पडलं.

हँडलपाशी साहेब अन् किसनसिंग उभे होते.

"साहेब, मी आहो ना इकडे. उघडा ना जी."

किसनसिंगनं हात घातला. साहेबानं त्याचा हात धरला. "उघडू नको. दोन्ही शेड जातील."

"बाई आहे साहेब आत."

"जिनिंग थांबली नाही पाहिजे." अन् हँडलच काढून खिशात टाकलं.

ती किती वेळ शटर बडवत होती, ते किसनसिंगनं मले कधी सांगितलं नाई. मी विचारलंही नाई. विमलताईले अजून बाहेर काढाचं होतं, अन् दुसऱ्या शेडात मशीन सुरू झाली. मालकानं साहेबाले शाल दिली. माह्या डोक्यात आजही तिडीक जाते, पाहा.

तर, त्या अमावस्येले किसनसिंग डिझेल घेऊन परत आला. गेटवर थबकला.

आगीचा भोंगा वाजून राह्यला होता.

लाइट नाई. जनरेटर कोरडा. तरी भोंगा वाजून राह्यला.

साहेब टॉर्च घेऊन क्वार्टरमधून आला. भोंग्याची कळ जळक्या शेडात. "कोण्या हरामखोरानं दाबली, पाहतो," म्हणे. चालू शेडातून आत गेला, वर केलेल्या शटरच्या खालून. हँडल आगीनंतर परत बसवलं होतं. किसनसिंग इकडेच थांबला.

भोंगा बंद झाला.

मग... हँडल फिरू लागलं.

कोणी नव्हतं तिथं. शटर खाली आलं. सावकाश.

"किसनसिंग... शटर कायले पाडलं? उघड."

तो धावला. हँडल धरलं. अन् त्याच्या हातावर हात आला. बाईचा. बांगड्या टोचल्या त्याले.

"किसनसिंग, मी आहो ना आत. उघड ना..."

त्याच्या कानापाशी कोणीतरी म्हटलं, "उघडू नको."

तिकडून बडवणं सुरू झालं.

मग कमी झालं.

मग...

सकाळी पोलिसांसमोर शटर उघडलं. साहेब उताणा पडला होता. अंगावर कुठं डाग नाई, भाजल्याची खूण नाई. पायाचे अंगठे सुतानं बांधलेले. नाकात कापसाचे बोळे, मेलेल्या माणसाले घालते तसे. अन् ते शेड आगीनंतर धुऊन काढलं होतं, कापसाचा तंतूही नव्हता तिथं.

डॉक्टरनं चिमट्यानं एक बोळा ओढला. बाहेरून पांढरा शुभ्र. आतून अजून धुमसून राह्यला होता.