ठिपक्यांचं गाव

दार धाडकन उघडलं, वारा आत घुसला, आणि रोझदानं सकाळभर बसून निवडलेले जळके दाणे भुर्रकन उडाले!

"आधी दार लावा! दहा हजार वर्षं मातीत टिकले होते हो हे गहू... तुम्ही एका फटक्यात उधळलेत."

दारात धुळीनं माखलेला तेकीन उभा होता — इझमीरहून आलेला गणितवाला. तो लगेच खाली बसून दाणे वेचू लागला. लक्ष मात्र दाण्यांपेक्षा तिच्याकडेच, तेही मेलं चोरून!

तुर्कस्तानातल्या उर्फा शहराजवळच्या त्या उत्खननाच्या घरात मग दोघांचा रोज चहा होऊ लागला. शेती शिकलेल्या पहिल्या माणसांनी गाव कसं वसवलं, ते तो संगणकावर गणितानं मांडत होता. एक हिरवा ठिपका म्हणजे एक घर. ठिपके पाण्यापाशी जमायचे, पेरायचे... आणि पीक जरा कमी आलं की पांगायचे. गाव काही टिकेना.

"पांगणारच," रोझदा म्हणाली. "तुमचे ठिपके निव्वळ पोटाकडं बघतात. त्यांना मायेचं कुणी नाही?"

"म्हणजे?"

"आमची माणसं उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन डोंगरावर जायची. एका साली माझी आत्या खालीच राहिली. जाऊ बाळंतीण होती ना! आत्यासाठी शेजारीण थांबली, शेजारणीसाठी तिची सासू... भांडायला कुणी नको?"

तेकीन हसत सुटला. पण शेजारी थांबला तर आपणही थांबावंसं वाटावं, एवढं त्यानं गणितात घातलं. ठिपके जमले. पीक बुडालं, तरी हलले नाहीत! रोझदानं टाळी वाजवली — आणि मग तिच्या ध्यानात आलं. काम झालं, म्हणजे हा चालला. शहाणपणा करून स्वतःच वाटेला लावलं की हिनं त्याला!

शनिवारी तेकीनला न्यायला गाडी फाटकाशी लागली. शेवटचा चहा. त्या मुलखात चहा पुरे झाला की रिकाम्या पेल्यावर चमचा आडवा ठेवतात. नाही ठेवला, तर घरची बाई ओततच राहते. तेकीनचा पेला रिकामा झाला, तिनं भरला. पुन्हा रिकामा... पुन्हा भरला. बाहेर ड्रायव्हर भोंगा बडवत होता.

"अहो, चमचा ठेवा आडवा," ती मान खाली घालून म्हणाली. "तुमच्या इझमीरला ही रीत नाही वाटतं?"

"आहे की."

"मग?"

"मला पुरे झालेलं नाही, रोझदा." कान लालेलाल झाले होते बेट्याचे. "आयुष्यभर... होईल असंही वाटत नाही."

किटली तिनं खाली ठेवली. पदर नव्हता, म्हणून ओढणीचं टोकच बोटाला गुंडाळलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली,

"काका, जा तुम्ही! यांचा चहा चाललाय अजून."