हबीबचा रोजा

"नको देऊस तिला पाणी." खैराआत्यानं वहीबाच्या हातातला पेला काढून घेतला आणि अंगणातल्या सब्जाच्या कुंडीत रिकामा केला.

नऊ वर्षांची शाहिनेज स्टुलावर उभी होती. अंगात आजीच्या लग्नातला मखमली झगा, गळ्यात मोत्यांचे सर. आत्या गुडघ्यावर बसून झग्याची दुमड शिवत होती. आणि वहीबा दुपारची गोळी तळहातावर घेऊन आपल्याच घरात परकी असल्यासारखी खांबाशी उभी राहिली.

"उद्या रमजानचा सत्ताविसावा. पोरीचा पहिला रोजा," आत्या दोरा दातांनी तोडत म्हणाली. "आजपासून जरा सवय नको?"

"आत्या, ती रोजा धरणार नाहीये. ओरानच्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्यादेखत सांगितलंय."

"ती डॉक्टरीण स्वतः तरी रोजा धरते का, विचार आधी."

शाहिनेज खुदकन हसली. वहीबाला हसू आलं नाही. ती लेकीच्या ओठांचा रंग पाहत होती, बोटं आखडताहेत का ते पाहत होती... गेली तीन वर्षं ती दुसरं काही पाहतच नव्हती. पोरगी स्वतःच पाण्याचा दुसरा पेला घेऊन आली, गोळी तोंडात टाकली आणि "गिळली" म्हणून झग्याची बाही सावरत आत पळाली.

आत्या तिची सासू, पण त्याआधी सख्खी आत्या, वडिलांची मोठी बहीण. आपल्या लेकासाठी, गनीसाठी, भावाची लेक तिनंच मागून आणली होती. अल्जीरियातल्या त्लेमसेनच्या त्यांच्या घराण्यात मुली बाहेर देत नसत. स्वतः आत्याही चुलतभावालाच दिलेली. शाहिनेजचं तोंड पांढरट फोडांनी भरू लागलं, हातापायांना वांब येऊ लागले, तेव्हा आत्यानं एकदाच निकाल दिला होता, "हे आपल्याकडचं नाही. हिच्या आईकडचं. त्या नेद्रोमा गावच्या रक्तातच दुखणी."

आई तर जाऊन सहा वर्षं झालेली. उत्तर द्यायला ती थोडीच येणार होती...

वहीबा एकेकाळी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. लेकीच्या आजारपणात नोकरी सुटली, शिकवणं सुटलं नाही. आत्याला तिनं किती वेळा समजावलं होतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, तिथे शरीराचे शिपाई तयार होतात. तिथे त्यांना घरातल्या एकेकाची ओळख करून देतात. हे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं, हे गळ्यातल्या ग्रंथीचं, ह्याच्यावर हात उचलायचा नाही. जो उचलतो त्याला दाराबाहेर सोडत नाहीत, तिथेच संपवतात. काहींना तर भांडणं मिटवायचंच काम नेमून देतात. आपल्या शाहिनेजमध्ये ही ओळख करून देणारेच मुके आहेत. मग शिपाई अडाणीच बाहेर पडतात आणि आपल्याच घरावर तुटून पडतात. त्यांनी तिच्या ग्रंथी मारून टाकल्यात, म्हणून ग्रंथींचं काम गोळ्या करतात. गोळी चुकली, अंगातलं पाणी आटलं, तर...

"कळलं," आत्या दरवेळी म्हणायची. "नजर लागलीय."

भिंतीवर डोकं आपटावं की स्वतःचंच तोंड शिवून टाकावं, वहीबाला कळेनासं व्हायचं.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नव्हती, गनीलासुद्धा नाही. डॉक्टरीणबाई तिला एकटीला म्हणाल्या होत्या, "हा दोष दोन्हीकडून आल्याशिवाय असा आजार होत नाही. तुमच्यात वडिलांकडून, नवऱ्यात त्याच्या आईकडून. तुमच्या आईचा ह्यात काही संबंध नाही. घरात आणखी कुणी मूल असं गेलंय का?"

वहीबाला आत्याकडून ऐकलेला हबीब आठवला होता. गनीचा थोरला भाऊ, तिच्या जन्माआधीच गेलेला. सावळत गेलेला, तोंडात पांढरे फोड, मधूनच आखडणारी बोटं. त्याच्या पहिल्या रोज्याच्या दिवशी संध्याकाळी, अजानच्या जरा आधी, तो आईच्या मांडीवर गेला. "माझं बाळ रोजा तोंडात घेऊन गेलं, सरळ जन्नतच्या दारात," आत्या सांगायची, आणि एरवी कडक असलेला तिचा चेहरा मेणासारखा मऊ व्हायचा. तेवढ्या एका वाक्यावर ती बाई चाळीस वर्षं उभी होती. ते वाक्य तिच्या पायाखालून कसं काढून घ्यायचं? त्यापेक्षा आईला लागतील ते बोल लागोत... असं वहीबानं ठरवलं आणि प्रत्येक बोलागणिक आतून जळत राहिली.

उद्याच्या रोज्यावरून त्या दिवशी खूप ओढाताण झाल्यावर तोडगा निघाला. शाहिनेजनं दुपारपर्यंतच उपाशी राहायचं, आणि गोळ्या पाण्याबरोबर घ्यायच्याच. "दोघींचंही राहिलं," म्हणत गनी सुटकेनं बाहेर निघून गेला.

सत्ताविसाव्याच्या दुपारी वहीबा ईदच्या काकचे, बडीशेपेच्या गोल बिस्किटांचे, ट्रे घेऊन गल्लीतल्या भट्टीवर गेली. अख्खा मोहल्ला तिथे लोटलेला, नंबर लागता लागेना. ती परतली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. नटवलेली शाहिनेज गादीवर आडवी पडली होती. चेहरा राखेसारखा. झग्याच्या पुढ्यावर उलटी.

"शाहिनेज, जेवलीस ना दुपारी?"

"मी पूर्ण धरला, आई..." ओठ चिकटत होते. "कालपासून गोळ्या पण नाही... बाहीत..."

आत्या डोकं थोपटत होती. "ओरडू नकोस तिच्यावर. मीच म्हटलं, एक दिवस नाही घेतली म्हणून काय होतं? जरा चक्कर आलीय, झालं. अजानला आता कितीसा वेळ... पुरा होऊ दे गं तिचा."

वहीबा अशा वेळेसाठी डॉक्टरीणबाईंनी दिलेली इंजेक्शनची पेटी घेऊन धावत आली, तर आत्यानं तिचं मनगट धरलं. हलकेच, विनवणी करावी तसं.

"थांब गं जरा. माझ्या हबीबलाही शेवटी शेवटी असंच झालं होतं."

"ह्यानंच तो गेला, आत्या!"

दारात गनी उभा होता. वहीबाचे हात औषध भरत होते आणि तोंड थांबत नव्हतं. "नुसत्या रोज्यामुळे नाही, नजरेमुळे नाही. हाच आजार होता त्याला. तुझ्याकडून आणि तुझ्या नवऱ्याकडून, काकांकडून. माझ्या आईकडून नाही. तिच्या रक्ताचा एक थेंबही ह्यात नाही. सोड माझा हात."

हात सुटला. सुई मांडीत गेली. गनीनं लेकीला उचललं आणि गाडी इस्पितळाकडे धावली.

सलाईन लागलं. हळूहळू गालांवर रंग आला आणि शाहिनेजनं विचारलं, "माझा रोजा मोडला का?" वहीबाला राग आला होता. आत्याचा, गनीचा, भट्टीवाल्याचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, की जे गिळून ठेवायचं ठरवलं होतं ते तिनं ओकून टाकलं, आणि ते तीन वर्षं आधीच का नाही ओकलं म्हणूनही.

घरी आल्यावर आत्या तिच्याशी बोलली नाही. ईदच्या आदल्या दिवशी मात्र स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली.

"परत सांग. ते हाडामागचं. सावकाश सांग, मी मध्ये बोलत नाही."

वहीबानं सांगितलं. आत्यानं खरंच शेवटपर्यंत ऐकलं.

"गोळ्या तेव्हा होत्या?"

खोटं बोलणं सोपं होतं. "होत्या, आत्या. पण आजार ओळखणारं इथे कुणी नव्हतं."

"त्यानं पाणी मागितलं होतं," आत्या म्हणाली. "दोनदा. मी म्हटलं, मर्द ना तू..."

मग तिनं विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक?"

"ओरानला गेलो तेव्हापासून."

"आणि मी तुझ्या मेलेल्या आईला शिव्या घालत होते, तेव्हा तू ऐकत होतीस."

"हो."

"मूर्ख पोरगी," आत्या म्हणाली, आणि तिनं वहीबाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

ईदच्या सकाळी बायका कब्रस्तानात गेल्या. आत्या आधी नेद्रोमावालीच्या, वहीबाच्या आईच्या, कबरीशी गेली. कशीबशी खाली बसली आणि नातलग बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, मी तुझ्यावर आळ घेतला. दुखणं माझ्या रक्तातलं होतं. माफ कर." वहीबा तिला उठवायला वाकली, "आत्या, राहू दे आता..."

"तू राहू दिलंस तेवढं पुरे."

मग ती हबीबकडे वळली. दर ईदला ती सगळ्या कबरींवर पाणी ओतायची, पाखरांसाठीच्या वाट्या भरायची. फक्त त्या लहानशा कबरीवर कधी ओतलं नाही. त्याचा रोजा आहे, म्हणायची. तिथल्या वाटीत पाचोळा साठलेला.

आत्यानं पाचोळा बोटांनी काढला आणि पाण्याचा कॅन तिरका केला. निम्मं पाणी मातीतच गेलं. वहीबानं खालून कॅनला हात दिला.

"पी, बाळा," आत्या म्हणाली. "पी हवं तेवढं."